दोन मिनिटांचें मौन : आदर, अधीरता आणि नांवें

(१)

मौनाचा इतिहास लिहूं पाहणारास प्रारंभींच एक अडचण पडते ती ही कीं, मौनाचा कागद राहत नाहीं. सनद, महजर, बखर, ताम्रपट हीं सर्व बोलकीं साधनें. जेथें कोणी कांहीं बोललेंच नाहीं तेथें संशोधकानें हात कशास घालावा? तथापि एक वाट आहे. मौन कसें ठरलें याचे कागद असतात, आणि तें कोणीं व कां मोडलें याचेही असतात. नदीचें पाणी वाहून गेलें तरी दोन्ही कांठांवरून तिच्या पात्राचें मान काढतां येतें, तसाच हा प्रकार आहे. पहिल्या महायुद्धांत पडलेल्या योद्ध्यांच्या स्मरणार्थ ता. ११ नोव्हेंबर १९१९ पासून दोन मिनिटें स्तब्ध राहण्याचा जो प्रघात पडला, त्याचा वृत्तांत याच रीतीनें वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा हेतु आहे. आमचें प्रतिपाद्य थोडक्यांत असें : मौन मोडणारा प्रत्येक मनुष्य मृतांचा अनादर करणारा असतो, हा समज कागदपत्रांपुढें टिकत नाहीं, आणि आदराची खरी परीक्षा त्या दोन मिनिटांत नसून तीं सरल्यावर होते.

‘मौन’ शब्द ‘मुनि’ शब्दापासून झाला. मुनीचा भाव तें मौन. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायांत मौनाची गणना मानस तपांत केली आहे. म्हणजे आमच्या परंपरेंत मौन हें एकट्याचें व्रत आहे; सर्व नगरानें घड्याळाकडे पाहून एकाच क्षणीं आरंभावयाचें आणि एकाच क्षणीं सोडावयाचें असें तें नव्हे. मृतांचें स्मरण करण्याची आमची रीत तर याच्या अगदीं उलट. श्राद्धांत पितरांस नांवानें व गोत्रानें हांक मारावी लागते. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप गोत्राचा उच्चार करावा, अशी सोय शास्त्रकारांनीं लावून ठेविली आहे. शस्त्रानें मृत्यु पावलेल्यांसाठीं भाद्रपद वद्य चतुर्दशी राखून ठेविलेली आहे, आणि ज्यांच्यामागें कोणी बांधव उरला नाहीं अशांसही तर्पणांत पाण्याचा वांटा आहे. तेव्हां सामुदायिक मौन आमच्याकडे आलें तें परक्या देशांतून आणि नवें म्हणून आलें. नांव घेऊन केलेलें स्मरण आणि नांव न घेतां केलेलें स्मरण यांतील हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

(२)

या प्रघाताचें मूळ लंडनांत नाहीं, दक्षिण आफ्रिकेंतील केप टाऊन शहरांत आहे. त्या शहरीं सिग्नल हिल नामक टेकडीवरून रोज दुपारीं बारांस तोफ होत असे, व अद्यापि होते. ता. १४ मे १९१८ रोजीं तेथील नगराध्यक्ष सर हॅरी हँड्स यांच्या सांगण्यावरून तोफ होतांच शहरांतील रहदारी थांबविण्यांत आली व लोक जागच्या जागीं उभे राहिले. पुढें हा क्रम रोजचा झाला. यांत नजरेस येणारी एक गोष्ट अशी कीं, हँड्स यांचा पुत्र रेजिनाल्ड याच्या आदल्याच महिन्यांत, म्हणजे एप्रिल १९१८ मध्यें, फ्रान्सांत मृत्यु पावला होता.

हा प्रकार ज्यांनीं लंडनपर्यंत नेला ते सर पर्सी फिट्झपॅट्रिक हेही असेच पुत्रशोकांत असलेले गृहस्थ. त्यांचा मुलगा नूजंट डिसेंबर १९१७ मध्यें फ्रान्सच्या रणभूमीवर पडला. फिट्झपॅट्रिक यांनीं लॉर्ड मिल्नर यांच्याकडे सूचना पाठविली; मिल्नर यांनीं ती ता. ४ नोव्हेंबर १९१९ रोजीं मंत्रिमंडळापुढें ठेविली, दुसऱ्या दिवशीं मंत्रिमंडळानें ती मान्य केली, आणि ता. ७ रोजीं बादशहा पंचम जॉर्ज यांचें आवाहन वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झालें. युद्ध थांबलें त्या घटकेस, म्हणजे अकराव्या महिन्याच्या अकराव्या दिवशीं अकरा वाजतां, साम्राज्यांतील सर्व लोकांनीं दोन मिनिटें आपापले व्यवहार बंद ठेवावे, असा त्याचा आशय होता. फिट्झपॅट्रिक यांच्या मनांत हें मौन चौघांसाठीं होतें : ज्यांनीं आप्त गमावले त्या स्त्रियांसाठीं, आपण कोणाचे ऋणी आहों हें कळावें म्हणून मुलांसाठीं, जिवंत परतलेल्या शिपायांसाठीं, आणि मृतांसाठीं. मृतांचें नांव यांत एकटें नाहीं. त्यांच्यामागें राहिलेल्यांचा हिशेब प्रथमपासूनच यांत धरलेला आहे. पुढील भांडणें समजण्यास ही गोष्ट अवश्य आहे.

या दोघांशिवाय आणखी एका गृहस्थाचें नांव या संबंधांत घेतलें जातें. एडवर्ड जॉर्ज हनी नामक ऑस्ट्रेलियन पत्रकारानें ता. ८ मे १९१९ रोजीं लंडनच्या एका सायंदैनिकांत ‘वॉरन फॉस्टर’ या टोपण नांवानें पत्र लिहून पांच मिनिटांच्या मौनाची सूचना केली होती. शस्त्रसंधीच्या दिवशीं रस्त्यांत झालेला नाचगाण्याचा जल्लोष त्यास रुचला नव्हता. जल्लोषाचा कंटाळा हेंही मौनाचें एक उगमस्थान आहे.

(३)

आतां कालमानाचा विचार करूं. हनी पांच मिनिटें मागतो. केप टाऊनांत पहिल्या दिवशीं तीन मिनिटें झालीं, आणि तीं लोकांस जड जातील असें दिसून लगेच दोनांवर आणलीं गेलीं. लंडनांतही दोनच ठरलीं. म्हणजे लोकांच्या अधीरतेचा अंदाज बांधूनच आदराचें माप ठरविण्यांत आलें. यांत उपहास करण्यासारखें कांहीं नाहीं. व्रत किती दिवसांचें धरावें हें ठरवितांना आमचे धर्मशास्त्रकारही करणाराची शक्ति पाहत. न झेपणारें व्रत धरून मध्येंच मोडण्यापेक्षां झेपेल तेवढेंच धरावें, हा व्यवहार तेथेंही आहे. अधीरता ही मौनावर मागाहून आलेली आपत्ति नव्हे. मौनाच्या जन्मकुंडलींतच ती बसलेली आहे.

ता. ११ नोव्हेंबर १९१९ हा वार मंगळवार होता. पेढ्या, कारखाने, गाड्या सर्व चालू असण्याचा दिवस. अकरा वाजतां इशाऱ्याचे बार झाले आणि ट्रामगाड्या, घोडागाड्या, मोटारी जागीं थांबल्या. पुरुषांनीं डोक्यावरच्या टोप्या काढल्या. व्हाइटहॉल रस्त्यावर स्थपति लचन्स यांनीं लांकूड व प्लास्टर यांचें एक तात्पुरतें स्मारक जुलै महिन्यांत उभारलें होतें. त्यास ‘सेनोटाफ’ म्हणत. ग्रीक भाषेंत याचा अर्थ रिकामें थडगें. पुढल्या वर्षीं, ता. ११ नोव्हेंबर १९२० रोजीं, त्याच जागीं दगडी सेनोटाफाचें अनावरण झालें आणि वेस्टमिन्स्टर ॲबींत एका अज्ञात योद्ध्याचें दफन झालें. रिकामें थडगें, नांव नसलेला योद्धा आणि शब्द नसलेली प्रार्थना असें हें त्रिकूट आहे. ज्यांच्या मुलांचीं प्रेतें सांपडलीं नव्हतीं अशा लक्षावधि मातापित्यांस याच रिकामेपणांत आपापला मुलगा ठेवतां आला, हें त्याच्या लोकप्रियतेचें कारण होय.

(४)

मौन मोडणारांकडे वळूं. यांत तीन जाती स्पष्ट दिसतात. पहिली जात नुसत्या बेफिकिरांची : घाईंतला वाटसरू, थांबावयास नाखूष गाडीवान. हे सर्व देशांत व सर्व काळीं असतात, आणि इतिहासास त्यांच्यापासून फारसें शिकावयाचें नाहीं.

दुसरी जात निराळी आहे. १९२१ सालीं इंग्लंडांत बेकारी फार वाढली होती. त्या वर्षींच्या ११ नोव्हेंबरास लिव्हरपूल शहरांत बेकार लोकांच्या एका जमावानें मौनांत ओरडून व्यत्यय आणला. आम्हांस प्रार्थना नको, अन्न हवें, असा त्यांच्या ओरडण्याचा रोख होता. पुढल्या वर्षीं लंडनांत बेकारांची मिरवणूक सेनोटाफावरून गेली, तेव्हां कित्येक माजी शिपायांनीं छातीवर पदकांच्या शेजारीं गहाणवटीच्या दुकानांतील पावत्या टांचल्या होत्या. पदक म्हणतें, या मनुष्यानें देशासाठीं लढाई केली. शेजारची पावती म्हणते, या मनुष्यानें घरांतल्या वस्तु गहाण टाकल्या. या दोन दस्तऐवजांनीं मिळून जी फिर्याद तयार होते ती कोणत्याही भाषणापेक्षां स्पष्ट आहे. या लोकांस मृतांविषयीं आदर नव्हता असें कोण म्हणेल? मेलेले त्यांचेच सोबती होते. फिट्झपॅट्रिक यांनीं ज्या चौघांसाठीं मौन मागितलें त्यांपैकीं तिसरे, म्हणजे जिवंत परतलेले शिपाई, ते हेच. आपला वांटा विसरला गेला, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें.

याच वर्गांत एक सभ्य प्रकारचा निषेधही येतो. युद्धसमाप्तीच्या दिवशीं रात्रीं लंडनच्या अल्बर्ट हॉलांत विजयाप्रीत्यर्थ नृत्यसमारंभ होत असे. १९२५ सालीं डिक शेपर्ड नांवाच्या धर्मोपदेशकानें त्याविरुद्ध जाहीर आक्षेप घेतला. सकाळीं अकरा वाजतां ज्यांच्यासाठीं मान खालीं घातली त्यांच्याच नांवानें रात्रीं नाच करावा हें त्यास विपरीत वाटलें. नृत्य पुढें ढकललें गेलें आणि त्या दिवशीं त्या सभागृहांत स्मरणाची प्रार्थना झाली. येथें अधीरता मौनाविषयीं नव्हती. मौन सरतांच जो विसर पडे त्याविषयीं होती.

तिसरी जात भविष्याविषयीं घाबरलेल्यांची. ता. ११ नोव्हेंबर १९३७ रोजीं सेनोटाफापुढें बादशहा, प्रधानमंडळ व हजारों लोक स्तब्ध उभे असतां एक मनुष्य रांग फोडून धांवत आला आणि हें सारें ढोंग आहे, तुम्ही जाणूनबुजून युद्धाची तयारी करीत आहांत, असें ओरडला. पोलिसांनीं त्यास दाबून धरलें. तो महायुद्धांत लढलेला होता, आणि वेड्यांच्या इस्पितळांतून निसटून आलेला होता. लोकांनीं त्यास वेडा म्हणून सोडून दिलें. परंतु त्या ओरडण्यास दोन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, सप्टेंबर १९३९ मध्यें, दुसरें महायुद्ध पेटलें, ही गोष्ट इतिहासकारास टाळतां येत नाहीं. मौन किती ताणलेलें असतें याचा दुसरा दाखला अलीकडचा आहे. ता. ४ मे २०१० रोजीं ॲम्स्टरडॅमच्या डाम चौकांत, राणी बिआट्रिक्स उपस्थित असतां, युद्धांतील मृतांसाठीं दोन मिनिटांचें मौन चालू होतें. गर्दींतील एकाच मनुष्यानें किंकाळी फोडली, लोक भिऊन पळूं लागले, व कित्येक जखमी झाले. कांहीं वेळानें समारंभ पुन्हा सुरू करून पुरा करण्यांत आला. दोन्ही ठिकाणीं एकाच मनुष्याचा आवाज. एकाचा अर्थ पुढें दोन वर्षांनीं उलगडला, दुसऱ्यानें नुसती भीति उठविली. म्हणून प्रत्येक भंग स्वतंत्रपणें तपासला पाहिजे, सरसकट निकाल देतां येत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हा विधि थांबला. १९४५ सालीं ११ नोव्हेंबर रविवारींच आला, आणि त्यापुढें स्मरणाचा मुख्य विधि रविवारावर नेण्यांत आला. सोय झाली, परंतु रविवारीं थांबावयास बाजार बंदच असतो, थांबण्याची किंमत कांहीं पडत नाहीं. चालू गाडी थांबविण्यांत जो अर्थ होता तो उभ्या गाडींत उरला नाहीं. हें उणें ओळखूनच १९९५ सालीं तेथील माजी सैनिकांच्या संघानें ११ नोव्हेंबरास, वार कोणताही असो, दोन मिनिटें थांबण्याची चळवळ पुन्हा केली, आणि ती बहुतांशीं रुजली.

(५)

हिंदुस्थानाकडे पाहतां १९१९ हें वर्ष निराळ्याच रंगाचें दिसतें. बादशहांचें आवाहन साम्राज्यांतील सर्वांस उद्देशून होतें. परंतु त्याच वर्षीं ता. १३ एप्रिल रोजीं अमृतसरच्या जालियनवाला बागेंत गोळीबार झाला होता, आणि तुर्कस्थानाच्या प्रश्नावरून मुसलमान समाज क्षुब्ध होता. नोव्हेंबर १९१९ मध्यें दिल्लीस भरलेल्या खिलाफत परिषदेनें डिसेंबरांत होणाऱ्या सरकारी शांतिमहोत्सवावर बहिष्कार घालण्याचें ठरविलें, व महात्मा गांधींनीं त्यास पाठिंबा दिला. मेलेल्या शिपायांविषयीं कोणाची तक्रार नव्हती. त्यांच्या मरणावर उभारलेला उत्सव लोकांस नको होता. लिव्हरपूलचे बेकार आणि दिल्लीचे बहिष्कारवादी यांच्यांत इतर कांहीं साम्य नसेल, पण शोक आणि शोकाचा सरकारी उपयोग यांत भेद करण्याची दृष्टि दोघांसही होती.

स्वतंत्र भारतांत ता. ३० जानेवारी, म्हणजे महात्माजींच्या हत्येचा दिवस, हुतात्मा दिन म्हणून पाळतात, आणि स्वातंत्र्यलढ्यांत प्राण दिलेल्यांसाठीं सकाळीं अकरा वाजतां दोन मिनिटें मौन पाळावें असा संकेत आहे. अकराला एक मिनिट कमी असतां भोंगा वाजूं लागतो, आणि मौन संपल्यावर पुन्हा एक मिनिट वाजतो. जानेवारी २०२१ मध्यें केंद्रीय गृहमंत्रालयानें राज्यांस पाठविलेल्या पत्रांत असें नमूद आहे कीं, कांहीं कचेऱ्यांतून मौन पाळलें जातें, परंतु सामान्य लोक त्या वेळचें गांभीर्य न जाणतां आपापल्या उद्योगांत असतात. हें पत्र आमच्या मतें भावी संशोधकास मोलाचें साधन आहे, कारण मौनाची दुसरी, म्हणजे न पाळल्याची, बाजू सरकारी दप्तरांत क्वचितच उमटते. आम्हीं शाळेंत अनेक वर्षें मुलांस त्या दिवशीं रांगेंत उभें केलें आहे. मुलांचे पाय चुळबुळतात, हा त्यांचा दोष नव्हे. ज्यांचें नांव सांगितलें नाहीं, गांव सांगितलें नाहीं, अशांसाठीं दोन मिनिटें हीं फार लांब असतात. आपल्याच तालुक्यांतील एका हुतात्म्याचें नांव आधीं सांगावें, मग मुलें आपोआप स्थिर होतात, असा आमचा अनुभव आहे.

(६)

येथें आरंभीं सांगितलेला नांवाचा प्रश्न येतो. पहिल्या महायुद्धांत सुमारें ७४,००० हिंदी शिपाई मृत्यु पावले. फ्रान्सांत न्यव्ह शापेल येथें १९२७ सालीं उघडलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी मृतांचीं नांवें कोरलेलीं आहेत. आतां इराकांतील बसऱ्याचें स्मारक पाहावें. तें १९२९ सालीं उघडलें व १९९७ सालीं मूळ जागेवरून हलविण्यांत आलें. त्यावर मेसोपोटेमियांत पडलेल्या ४०,००० हून अधिकांचें स्मरण केलें आहे. परंतु हिंदी शिपायांपैकीं अंमलदारांचींच नांवें कोरलीं गेलीं, आणि साध्या शिपायांची पलटणीखालीं नुसती संख्या देण्यांत आली. ही गोष्ट महाराष्ट्रास दूरची नाहीं. सहावें म्हणजे पुणें डिव्हिजन याच रणांगणावर होतें, कूट येथील वेढ्यांत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या, ता. २९ एप्रिल १९१६ रोजीं कूट पडल्यावर कैदेंत गेलेले कितीएक परत आलेच नाहींत. एकाच सरकारच्या एकाच शिपायास युरोपांत नांव आणि आशियांत आंकडा, असा हा न्याय आहे.

राष्ट्रकुल युद्धसमाधि आयोगानें नेमलेल्या समितीनें एप्रिल २०२१ मध्यें हें वैषम्य स्पष्ट शब्दांत कबूल केलें. ४५,००० ते ५४,००० मृतांचें स्मरण असमान रीतीनें झालें, आणि निदान १,१६,०००, कदाचित् ३,५०,००० पर्यंत, मृतांचें स्मरण नांवानें किंवा मुळींच झालें नाहीं, असें त्या अहवालांत आहे. यांत पूर्व आफ्रिका, मिसर व हिंदुस्थान येथील लोक मुख्यत्वें येतात. याचा अर्थ असा कीं, १९१९ पासून वर्षानुवर्षें जगांतील कोट्यवधि लोक ज्यांच्यासाठीं स्तब्ध उभे राहत होते, त्यांच्यापैकीं एका मोठ्या वर्गाचें नांव कोठेंच लिहिलेलें नव्हतें. मौन सर्वांसाठीं सारखें होतें; दगड सारखा नव्हता. आणि मौनाचा गुण असा कीं, दगडावरील उणीव तें झांकून टाकतें.

आमच्या गांवोगांवीं वीरगळ आहेत. खालच्या चौकटींत युद्ध, मधल्या चौकटींत अप्सरा वीरास नेत आहेत, वरच्या चौकटींत शिवपूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बहुतेकांवर अक्षर नाहीं. परंतु वीरगळ ज्या गांवांत आहे तेथील लोक त्यास शेंदूर लावतात. नांव गेलें तरी ठिकाण राहिलें. पहिल्या महायुद्धानंतर सरकारनें अनेक खेड्यांतून ज्या पाट्या बसविल्या त्यांवर या गांवांतून इतके पुरुष युद्धास गेले व त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिले, एवढाच मजकूर असतो. ठिकाण आहे, संख्या आहे, नांव नाहीं.

तथापि नांवें नष्ट झालीं असें मानण्याचें कारण नाहीं. लाहोरच्या संग्रहालयांत पंजाबी शिपायांचीं हस्तलिखित रजिस्टरें जवळजवळ शंभर वर्षें पडून होतीं; २०२१ च्या नोव्हेंबरांत त्यांतील सुमारें ३,२०,००० नोंदी अभ्यासकांस खुल्या होऊं लागल्या. जें पंजाबांत निघालें तशा तऱ्हेचें साधन तुकड्यातुकड्यांनीं आमच्याकडेही असूं शकतें. महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नांव व पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. बसऱ्याच्या दगडावर ज्याची नुसती मोजणी झाली त्याचें नांव सातारा किंवा रत्नागिरी जिल्ह्यांतील एखाद्या पेटींत चांदीच्या कडेवर असणें शक्य आहे. आणि तें पदक चांदीच्या भावानें मोडींत जाणेंही तितकेंच शक्य आहे.

म्हणून हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांस विनंति अशी. जुन्या सनदा शोधण्यास ज्या गांवीं जाल तेथें गांवपाटीची नक्कल अक्षरशः उतरून घ्यावी. घरांतून निवृत्तीचे दाखले, पेन्शनचीं पुस्तकें, पदकें निघाल्यास त्यांवरील अक्षरें टिपून घ्यावीं. वस्तु मालकापाशींच राहूं द्यावी, पण वाचन आपल्या दप्तरीं यावें. मोडी कागदांत ‘लढाईत खर्च झाला’ अशा अर्थाचा एखादा शेरा दिसला तर तो विसाव्या शतकाचा म्हणून टाकून देऊं नये. या कामास दोन मिनिटें पुरणार नाहींत, आणि अधीर मनुष्याचें तें कामही नव्हे. परंतु दरसाल अकराच्या ठोक्यास जें मौन पाळलें जातें त्यास अर्थ येण्यास दुसरा उपाय आम्हांस दिसत नाहीं. आधीं नांव, मग मौन, हा क्रम आमच्या पूर्वजांनीं श्राद्धविधींत घालून दिलेलाच आहे.